असाधारण रहिवासी

माणूस परदेशातून कायमचा परत आला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे तिघांना असतो: आईला, सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि आयकर खात्याला. मोठ्या बॅगा रिकाम्या होऊन माळ्यावर गेल्या की आईचं ठरतं. भाडेकरू गेला, मालक स्वतः राहायला आला आणि बिलातले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस बंद करा असा अर्ज घेऊन दारात उभा राहिला, की सेक्रेटरींचंही ठरतं. जरा नाइलाजानं, पण ठरतं. आयकर खात्याला मात्र कसलीच घाई नसते. माणूस विमानानं एका रात्रीत येतो. कागदावर यायला त्याला अडीच वर्षं लागतात.

हे ज्ञान मला मेव्हण्यांच्या कृपेनं मिळालं. एरवी माझा या विषयाशी काय संबंध? माझं सगळं आर्थिक चरित्र एका फॉर्म 16 मध्ये मावतं. हल्ली तर रिटर्नही बरंचसं आधीच भरून समोर येतं. आपण नाव आपलंच आहे ना तेवढं बघायचं आणि ओटीपी टाकायचा. मेव्हणे मात्र न्यू जर्सीतल्या एडिसन गावी वीसेक वर्षं काढून 2023 साली कोथरूडला, आमच्याच सोसायटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. ते स्वतः भारताचे नागरिक, पाकिटात अमेरिकेचं ग्रीन कार्ड. वहिनींनी मधल्या काळात अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. मुलगा कॉलेजसाठी तिकडेच राहिलेला. एका कुटुंबात करविषयक जेवढ्या भानगडी मावू शकतात तेवढ्या त्यांनी नेटानं गोळा करून आणल्या होत्या.

यायचं ठरलं तेव्हा सासूबाईंचा आग्रह एकच होता: गणपतीला या. सदाशिव पेठेतल्या घरी इतकी वर्षं गणपती बसतो आणि थोरला मुलगा व्हिडिओ कॉलवर आरती म्हणतो, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे गणपती लांबून 19 सप्टेंबरवर गेले होते. मेव्हणे तिकिटं बघायला लागले आणि जाता जाता त्यांनी कर्वे रोडवरच्या एका सी.ए. मॅडमना फोन केला. सगळं ऐकून घेऊन मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'गणपतीला येऊ नका.'

नास्तिक माणसानंही सासूबाईंसमोर हे वाक्य उच्चारलं नसतं. पण मॅडमचं गणित चोख होतं. आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यात 182 दिवस भारतात भरले की माणूस रहिवासी झालाच. मात्र बऱ्याच वर्षांनी परतलेल्याला कायदा लगेच पूर्ण रहिवासी करत नाही. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून त्याचे भारतातले दिवस 729 च्या वर जात नसतील, तर त्याला एक मधली पायरी देतो. तिचं नाव आरएनओआर, म्हणजे रहिवासी आहे पण सामान्यतः रहिवासी नाही. या पायरीवर असेपर्यंत तिकडच्या घराचं भाडं, तिकडच्या शेअरचा डिव्हिडंड यांच्याकडे भारत सरकार सहसा बघत नाही. मेव्हणे गणपतीला आले असते, तर तेच वर्ष रहिवासी म्हणून खर्ची पडलं असतं आणि ही पायरी वर्षभर आधी सुटली असती.

'मग कधी येऊ?' मेव्हण्यांनी विचारलं.

1 ऑक्टोबरपासून 31 मार्चपर्यंत मोजलं तर एरवी बरोबर 182 दिवस भरतात. म्हणजे 1 तारखेला उतरलेला माणूस रहिवासी, आणि गांधी जयंतीला उतरलेला अनिवासी. पण 2024 चा फेब्रुवारी 29 दिवसांचा होता, त्यामुळे त्या वर्षी गांधीजींचाही इलाज चालत नव्हता. मॅडमनी 3 ऑक्टोबरच्या पुढची कोणतीही तारीख चालेल असं सांगितलं. ते ऐकून सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि विचारलं, 'कायमचं घरी यायचं, ते पितृपक्षात?' अखेर सर्वपित्री अमावास्या उलटल्यावर, 15 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी मेव्हणे सहकुटुंब मुंबईला उतरले. आयकर कायदा आणि धर्मशास्त्र या दोहोंना मान्य असलेला तो त्या पंधरवड्यातला पहिलाच मुहूर्त होता. गंमत अशी, की त्या साली पंचांगानं अख्खा महिना जास्तीचा दिला होता आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की जावई म्हणून मला अनारसे मिळाले. इंग्रजी कॅलेंडरनं जेमतेम एक दिवस जास्तीचा दिला, तर माणसाचा देश बदलायची वेळ आली.

खरं तर ही सगळी विद्या पंचांगाच्याच जातीची आहे. दिवस कशाला म्हणायचं यावर देशोदेशीचे आचार वेगळे. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभर धरतात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे तुम्ही रात्री बाराच्या ठोक्याला देशात होता का, ते पाहतात. आपले सावध सी.ए. आल्याचा दिवसही धरतात आणि गेल्याचाही. ग्रीन कार्ड नसलेल्या पाहुण्यासाठी अमेरिकेचं सूत्र तर दाते आणि रुईकर या दोघा पंचांगकर्त्यांनी मिळून रचल्यासारखं आहे: यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज 183 झाली आणि त्यातले निदान 31 दिवस यंदाचे असले, की तुम्ही करापुरते अमेरिकेचे. ब्रिटनचं करवर्ष 5 एप्रिलला संपतं, कारण 1752 साली त्यांनी कॅलेंडर बदलताना अकरा दिवस गाळले आणि कर मात्र एका दिवसाचाही बुडू दिला नाही. क्षयतिथी त्यांनाही कळते, फक्त वसुली तिथे वर्ज्य नाही.

आता मागच्या वर्षांचे दिवस मोजायचे होते. पासपोर्टावरचे शिक्के अर्धे पुसट, एकावर दुसरा चढलेला. मॅडमनी भिंग लावून पाहिलं. एका शिक्क्यातला आकडा 3 की 8 यावर दहा मिनिटं गेली. मग सासूबाईंनी फणसाच्या आकाराची एक पिशवी पुढे केली. त्यात गेल्या कित्येक वर्षांची कालनिर्णयं खिळ्याच्या भोकासकट जपलेली होती. चौकोनाचौकोनांत बारीक अक्षरांत नोंदी: 'गॅस लावला', 'दूध नाही', 'बाईची सुट्टी', आणि मध्येच 'बाळ आला'. पुढे तीन-चार आठवड्यांनी 'बाळ गेला'. 2019 च्या पानांवर, सासऱ्यांच्या आजारपणात, या दोन नोंदींमध्ये चार महिन्यांचं अंतर होतं. त्या चार महिन्यांनीच 729 च्या हिशेबात मेव्हण्यांचं नुकसान केलं होतं. मॅडमनी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाल्या, 'इतकं स्वच्छ रेकॉर्ड माझ्या कंपन्यांचंही नसतं.' शिक्के आणि कालनिर्णय यांत जवळजवळ प्रत्येक फेरीला एका दिवसाचा फरक येत होता. सरकारच्या हिशेबानं मुलगा मध्यरात्रीआधी मुंबईच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर भारतात येत होता. आईच्या हिशेबानं तो पहाटे उंबरा ओलांडल्यावरच येत होता.

एवढं करून मेव्हणे मार्च 2024 पर्यंत अनिवासी ठरले. तो आनंद घेऊन ते बँकेत गेले, तर तिथे ते रहिवासी निघाले. कारण बँकेला आयकर कायदा लागू नाही, परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, लागू आहे, आणि फेमाला नुसते दिवस पुरत नाहीत, तो हेतू विचारतो. परत जायचं नाही अशा बेतानं तुम्ही आलात, की आल्या दिवसापासून रहिवासी. मग अनिवासींचं एनआरई खातं बदला आणि डॉलर ठेवायचेच असतील तर आरएफसी खातं उघडा. त्यामुळे त्या हिवाळ्यात मेव्हणे कर्वे पुतळ्यापाशी बँकेत रहिवासी असायचे आणि तिथून रिक्षानं मॅडमच्या ऑफिसात पोचेपर्यंत अनिवासी होऊन जायचे. रिक्षावाल्यानं मात्र दोन्ही अवस्थांत मीटरवर वीस रुपये जास्त मागितले.

भारताची बाजू अशी मार्गी लागत असताना अमेरिका गप्प बसली नव्हती. जगातले बहुतेक देश माणूस राहतो कुठे ते बघून कर लावतात. अमेरिका नागरिक बघून लावते. या बाबतीत तिला जगात मुख्य सोबत आहे ती आफ्रिकेतल्या एरिट्रियाची. ही सवय यादवी युद्धाच्या काळात लागली आणि 1924 साली मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा वहिनी आता कोथरूडला असोत की कुडाळला, दरवर्षी त्यांनी वॉशिंग्टनला हिशेब द्यायचा आहे. मेव्हण्यांनाही सुटका नाही, कारण ग्रीन कार्ड रीतसर परत केलेलं नाही. 'असू दे, कधी लागलं तर,' असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे याच कारणासाठी ठेवतात, पण त्यांचं रिटर्न भरावं लागत नाही.

त्यात अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. वहिनी सहकारी बँकेत मुदत ठेवीच्या व्याजाचा दाखला मागायला गेल्या.

'जानेवारी ते डिसेंबरचा हवाय,' वहिनी म्हणाल्या.

'वर्ष मार्चला संपतं, मॅडम,' काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

'अमेरिकेत डिसेंबरला संपतं.'

'असेल. ठेव इथली आहे.'

यावर अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनाही उत्तर सुचलं नसतं. अखेर वहिनींनी पासबुकावरून पेन्सिलीनं बेरीज केली. एनआरई खात्यावरचं जे व्याज भारतात करमुक्त म्हणून इतकी वर्षं कौतुकानं सांगितलं, ते अमेरिकेत करपात्र असतं. परत आल्यावर हौसेनं सुरू केलेल्या म्युच्युअल फंडांच्या एसआयपींना अमेरिकन कायदा संशयानं बघतो आणि प्रत्येक फंडामागे वेगळा फॉर्म मागू शकतो. वहिनींनी जोखीम विभागावी म्हणून सहा फंड घेतले होते. जोखीम विभागली गेली की नाही ते अजून कळायचं आहे. फॉर्म मात्र सहा झाले.

दोन देश एकाच माणसावर हक्क सांगू लागले तर काय करायचं, याची सोय भारत आणि अमेरिका यांच्यातल्या 1989 च्या करारात आहे. मॅडमनी ती पायरी-पायरीनं समजावली. पहिला प्रश्न: कायमचं घर कुठे आहे? एडिसनचं घर विकलेलं नव्हतं, ते भाड्यानं दिलेलं. 'भाडेकरू राहतोय म्हणजे ते तुम्हाला राहायला मोकळं नाही, हे बरंय,' मॅडम म्हणाल्या. तरीही वाद उरलाच तर पुढचा प्रश्न: तुमचे व्यक्तिगत आणि आर्थिक संबंध कोणत्या देशाशी जास्त जवळचे? इथे मेव्हणे अडखळले. पेन्शनचा 401(k) तिकडे, मुलगा तिकडे, गाडीची शिकवणी झाली ती तिकडे. आई इकडे, बायको इकडे. ते विचारात पडलेले पाहून वहिनी म्हणाल्या, 'एवढा विचार करायला लागतोय?' त्यावर मेव्हण्यांनी लगेच भारत असं उत्तर दिलं. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही, कारण पुढे आणखी एक खोच होती. मागच्या 15 वर्षांपैकी आठ वर्षं ग्रीन कार्ड बाळगलेला माणूस या कराराखाली स्वतःला परदेशी म्हणवू लागला, की अमेरिका त्याला देश सोडून गेलेला समजून निरोपाचा हिशेब मांडू शकते. वहिनींसाठी तर करारात ही पळवाटच नाही. स्वतःच्या नागरिकांवरचा हक्क अमेरिकेनं तिथे राखून ठेवलेला आहे. तेव्हा दोघांनी दोन्हीकडे रिटर्न भरायचं, एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मागायची, आणि प्रेम कोणावर आहे ते घरात ठरवायचं, असं ठरलं.

यानंतर घडली ती घटना आमच्या सोसायटीच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. वार्षिक सभेत मेव्हण्यांची खजिनदार म्हणून बिनविरोध निवड झाली. अमेरिकेत राहिलेला माणूस हिशेबाला चोख असणार, ही एक भाबडी समजूत; आणि दुसरा कोणी तयार नव्हता, हे खरं कारण. आठवड्याभरात चेकवर त्यांची सही चालू झाली. पुढच्या एप्रिलमध्ये मॅडमनी सहज विचारलं, 'सही करायचा अधिकार असलेलं दुसरं कुठलं खातं?'

अमेरिकेचा एक नियम असा, की तिच्या माणसाच्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक कळवायची. पैसा स्वतःचा असायला हवा असं नाही. नुसती सहीची मुभा असली तरी पुरे. आणि हे कळवायचं अर्थखात्याच्या ज्या शाखेला, तिचं कामच आर्थिक गुन्ह्यांचा माग काढणं. अशा रीतीनं आमच्या सहकारी गृहरचना संस्था मर्यादितचा सिंकिंग फंड, लिफ्ट दुरुस्ती निधी आणि रंगकामाची वर्गणी यांची खबर वॉशिंग्टनला गेली.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून विचारलं, 'अमेरिकेला आपला सिंकिंग फंड कशाला हवाय?'

'हवा नाहीये. फक्त कळवायचं आहे.'

'मग हेही कळवा, की ए विंगमधल्या तिघांनी सहा महिने मेंटेनन्स भरलेला नाही. आमच्या नोटिशीला ते दाद देत नाहीत.'

हे सगळं दोन-अडीच वर्षं जवळून पाहिल्यावर माझं एक मत झालं आहे. परत आलेल्या माणसाला आपल्यात सगळ्यात नीट कोणी ओळखलं असेल, तर ते आयकर कायद्यानं. नातेवाइकांना वाटतं, आला म्हणजे आला. दुसऱ्या दिवशीपासून त्यानं भाजीच्या पिशव्या घेऊन निघावं, मुंजीला हजेरी लावावी, सिग्नलला हॉर्न वाजवावा. मेव्हण्यांचं तसं होत नव्हतं. सुरुवातीचे कित्येक महिने ते कांद्याच्या भावाला 83 नं भागून 'स्वस्त आहे' म्हणायचे आणि भाजीवाली त्यांच्याकडून कोथिंबिरीचेही पैसे घ्यायची. झेब्रा क्रॉसिंगवर ते थांबायचे, आणि मागचा स्कूटरवाला थांबायचा नाही. प्रत्येक तिसऱ्या वाक्यात 'तिकडे' असायचं: तिकडे कचरा वेगळा घेतात, तिकडे शेजारी आधी फोन करतात. घरातल्यांना हा दिमाख वाटला. कायद्यानं मात्र त्यांच्याकडे शांतपणे पाहून सांगितलं, की हा माणूस राहतोय इथे पण अजून सामान्यपणे राहत नाहीये. याला दोन वर्षं द्या. इतका समजूतदारपणा मी कुठल्याही काकूंकडे पाहिलेला नाही.

ती मुदत यंदा संपली. 1 एप्रिल 2026 ला 1961 चा जुना कायदा जाऊन आयकर अधिनियम 2025 अमलात आला आणि त्याच दिवशी मेव्हणे पूर्ण, साधे, सामान्य रहिवासी झाले. आता तिकडचं भाडं, डिव्हिडंड सगळं इथे दाखवायचं, डॉलरचे रुपये स्टेट बँकेच्या टीटी बायिंग रेटनं करायचे. आपल्याकडच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यातही आजवर जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष धरत आले आहेत, हे वहिनींनी काउंटरवरच्या बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, 'त्यांचं ते बघतील.' मेव्हण्यांच्या वागण्यातही फरक पडला. परवा त्यांनी कोथिंबीर फुकट मागितली आणि मिळवली. सिग्नल हिरवा व्हायच्या आत त्यांचा हॉर्न वाजतो. फक्त 'तिकडे' काही सुटलेलं नाही.

त्यावर सेक्रेटरींनी गेल्या सभेत ठराव मांडला. त्यांचं म्हणणं असं, की सरकारनं दिलेली सवलतीची दोन वर्षं सोसायटीनंही पाळली. आता सामान्य रहिवाशाला सामान्य नियम: यापुढे 'तिकडे' उच्चारल्यास दर वेळी 50 रुपये, सोसायटीच्या रंगकाम निधीत. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं. वसुली उत्तम चालू आहे, आणि दिवाळीपर्यंत बी विंगचा बाहेरचा रंग त्यातून निघेल असा अंदाज आहे. मेव्हण्यांचं दुःख दंडाचं नाही. त्या खात्यावर खजिनदार म्हणून सही त्यांचीच, त्यामुळे त्यांच्याच दंडानं फुगलेली शिल्लक वर्ष संपल्यावर तिकडे कळवायची आहे त्यांनाच. हे त्यांनी सभेत बोलून दाखवलं, आणि सेक्रेटरींनी लगेच 50 रुपयांची पावती फाडली.